खांडीत बसलेला तुळशीराम

पनवेलच्या एसटी स्टँडाबाहेर तीस वर्षं रिक्षा चालवलेल्या तुळशीरामदादाचा उजवा हात गेल्या वर्षी अर्धांगवायूने गेला. पुढे थोडाफार परत आला, पण बोटं मनाला येईल तेव्हाच ऐकायची. येत्या रविवारी रिक्षा पुतण्याला, जीवनला, देऊन टाकायचं घरात ठरलं, आणि माझं डोकं फिरलं. रिक्षा युनियनमध्ये मी अशांसाठीच भांडत आले. जित्या माणसाचं हँडल काढून घेता?

"आधी हात चालतो का ते बघा की!" मी ओरडले.

दादाची मुलगी अंकिता खांदा कॉलनीतल्या घरी कम्प्युटरवर अंतराळातल्या लढाईचा गेम खेळते. बोटांना काम द्या, असं डॉक्टर म्हणाले तेव्हापासून तिने बापाच्या हाती जॉयस्टिक दिली होती. तीच म्हणाली, "एक मिशन. भलंमोठं जहाज फुटलंय, आत चारशे माणसं. दहा मिनिटं वाचवा. जमलं तर रिक्षा तुमची."

शनिवारी दुपारी दादा बसला. कपाळावर घाम, जबडा आवळलेला. जहाजाच्या कुशीला केवढं तरी भगदाड, त्यातून आग. जहाजाची ताकद एकतीस टक्के. शत्रूची विमानं चहूबाजूंनी यायला लागली.

"बाबा, त्यांच्या मागे जा! लांबच पाडा!"

"खांड सोडून कुठं जाऊ गो?"

दादा मिठागरातला. भरतीने बांध फुटला की त्या तोंडाला खांड म्हणतात. बुजवायला चिखल येईपर्यंत एकाने त्यात पाठ लावून बसायचं. बाराव्या वर्षी तो छातीभर पाण्यात असाच बसला होता. आताही त्याने आपलं इवलंसं विमान भगदाडासमोर आणून उभं केलं आणि तिथूनच गोळ्या झाडत राहिला.

बावीस टक्के. चौदा. अंकिता नखं चावत होती. गेम आहे, गेम आहे, असं स्वतःला बजावत होते, तरी खुर्चीची पाठ मी सोडली नव्हती.

"ताई, भ्या वाटतंय," स्क्रीनवरची नजर न काढता दादा म्हणाला.

"काही नाही होत! मी आहे ना!"

तेवढ्यात भगदाडातून एक बचावनाव बाहेर निघाली, थेट त्याच्या गोळ्यांच्या वाटेत. दादाने बोट उचलायला बघितलं. मनगटाच्या शिरा ताठ झाल्या, बोट खटक्यावरून हलेना. डाव्या हाताने ओढेपर्यंत नाव फुटली होती.

तीन टक्क्यांवर जहाज निसटलं. अंकिता उडी मारून नाचली. मी टाळ्या पिटल्या. "बघ! म्हटलं नव्हतं?"

दादा हलला नाही. "ती होडी आपली व्हती ना?"

"बाबा, एक गेली तर चालते. मिशन पास झालं."

"रिक्षाची रेस याच मुठीत अस्ते," तो म्हणाला. "शाळा सुटल्यावं पोरं आडवी आली, आनी ही उघडली नाय तर?"

टाळ्या पिटणारे हात मी खाली घेतले. याच माणसाला रिक्षा घेऊन रस्त्यावर उतरवायला मीच निघाले होते.

त्याने खिशात हात घालून चावी काढली. "जीवनला दे, ताई."

हात पुढे आला, पण मूठ उघडेना. त्याची बोटं मी एकेक करून सोडवली.