आत्याने काढलेली दृष्ट

आज शेजारून जळक्या मिरच्यांचा वास आला आणि डिलाईल रोडच्या चाळीतली ती संध्याकाळ आठवून शिसारीच आली. आमच्या स्वयंपाकघरात सिलिंडर पेटल्यापासून जरा धूर दिसला तरी माझे हातपाय गार पडायचे, म्हणून मी तेव्हा दादरच्या एका मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचे. ती आग मनात आणायची आणि डावी-उजवीकडे हलणाऱ्या त्यांच्या दोन बोटांमागे नजर न्यायची, असा तो उपचार. त्या दिवशी बोटं थांबवून त्यांनी विचारलं, "आता काय दिसतंय?" मी म्हटलं, "आग आहे, पण लांब आहे." हलकी होऊन घरी आले, तर आत्या दारातच निखारे घेऊन बसलेली. "बोटं नाचवून कोण बरं होतं काय गो? दृष्ट लागलीय तुला," म्हणत तिने मीठ-मोहरी-मिरच्यांची मूठ माझ्यावरून ओवाळली, मिशेरीच्या तोंडाने थू-थू केलं, त्याचे शिंतोडे माझ्या गालावर उडाले, आणि ती मूठ निखाऱ्यांवर टाकली. धूर थेट माझ्या नाकात. मी किंचाळत गॅलरीत पळाले आणि तिथेच ओकले. जमलेल्या बायका नाकाला पदर लावून म्हणाल्या, "बघा, केवढी जबर दृष्ट होती!" एकीनेही पाणी दिलं नाही. डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. आज त्याच वासाने मला नुसता खोकला आला; खिडकी लावून मी गॅसवर चहा ठेवला. भीती त्या दोन बोटांनी नेली. आत्याची आणि त्या बायकांची किळस मात्र मी डॉक्टरीणबाईंना कधी काढू दिली नाही.