इंग्रजीच्या वहीतली तारीख

ते प्रकरण आठवलं की अजूनही माझं डोकं तापतं.

बारामतीच्या एका रुग्णालयातून सकाळी आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला : बाळंतपणाला आणलेली मुलगी अल्पवयीन दिसते, बाळ दगावलं आहे. महिला हवालदाराला घेऊन मी गेलो. मुलगी पंधरा वर्षांची. भिंतीकडे तोंड करून पडलेली, एक शब्द बोलेना.

तिचे वडील नरसिंहपूरकडचे डाळिंब बागायतदार. ठाण्यात बोलावलं तर तेच चढ्या आवाजात बोलू लागले. "पोरगी आपल्या मनानं पळाली, सायेब. आमी लगीन लावलंच न्हाय. आमचीच अब्रू गेली." पिंपळी गावच्या तिच्या सासऱ्याचा जबाबही शब्दन् शब्द तोच. पाठ केलेला जबाब मला लगेच कळतो. पण पुरावा नव्हता, आणि सगळं खापर त्या पोरीच्या डोक्यावर फुटणार होतं.

वडिलांच्या घरझडतीत तिचं दप्तर मिळालं. इंग्रजीच्या वहीत तारखा-महिन्यांचा अभ्यास होता. महिन्याआधी 'इन', तारखेआधी 'ऑन' लावून स्वतःबद्दल वाक्यं लिहायची. 'माझा वाढदिवस जुलैत असतो.' 'आमची परीक्षा मार्चमध्ये आहे.' आणि तिसरं, डिसेंबरमधली एक तारीख घालून : 'त्या दिवशी माझं लग्न आहे.' सरांनी 'इन' खोडून 'ऑन' केलं होतं. खाली सही, आणि सहीची तारीख लग्नाच्या पंधरा दिवस आधीची.

त्या तारखेला त्यांच्याकडे जेवण कोणी रांधलं याची चौकशी केली, तेव्हा आचारी सापडला. साखरपुड्याचं जेवण म्हणून त्याला बोलावलेलं, पण साखरपुड्यातच लग्न उरकलं होतं. त्याच्या मोबाइलमधल्या फोटोत मुंडावळ्या बांधलेली मुलगी होती आणि अक्षता टाकणारे वडील. फोटो पुढ्यात ठेवल्यावर वडिलांचा चढा आवाज उतरला. "व्हय सायेब. स्थळ चांगलं व्हतं." दोन्ही घरांवर गुन्हा दाखल केला.

मग सरांचा जबाब घेतला. भला माणूस, रडायलाच लागला. "साहेब, वह्यांचा ढीग होता. मी फक्त इन आणि ऑन बघत होतो." मला त्यांचा संताप आला आणि पाठोपाठ स्वतःचाही. तारीख आहे, सही आहे, एवढंच बघून मीही किती अर्ज पुढे सरकवले होते! तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही केली नाही. शहाणपण आलं, पण फार उशिरा.

रुग्णालयात चौथ्या दिवशी मुलगी बोलली. मी विचारलं, "बाळा, सरांना तोंडानं का नाही सांगितलंस?"

"लिवलं व्हतं की," ती म्हणाली. "सरांनी वही तपासली, तवा वाटलं, आता कोणतरी येईल. हळद लागंस्तवर वाट बघितली मी."