नाहूर ते बोरिवली, आमच्या रेकॉर्डच्या मागावर

नाहूरहून बोरिवलीला जायला मोबाइल आज तासाभराचा रस्ता दाखवतो. शहाऐंशीच्या हिवाळ्यात आम्हाला त्याला अख्खा रविवार लागला. एक तर स्कूटर माझ्या भावाची होती आणि ती आडवी केल्याशिवाय सुरूच व्हायची नाही. दुसरं म्हणजे मागे बसलेल्या मोहन परबला बोरिवलीला पोहोचायचंच नव्हतं.

आमचा चार जणांचा रॉक बँड होता. मोहन गायचा, गिटार वाजवायचा. मी ड्रम बडवायचो. अंधेरीच्या एका स्टुडिओत आम्ही पदरमोड करून छोटी रेकॉर्ड काढली होती. पहिल्या बाजूला आमचं इंग्रजी गाणं. त्यात ‘फ्रीडम’ हा शब्द अकरा वेळा येतो, म्हणजे आमची तयारी बघा! त्यातच सगळा वेळ गेला. उरलेल्या अर्ध्या तासात दुसरी बाजू भरायची म्हणून मोहनने ‘न्हवऱ्याची आत्या खंय गेली’ असं काहीतरी मालवणीत जुळवलं आणि आम्ही त्यावर दणादण वाजवलं. ते लाजेपोटी आम्ही कुणाला ऐकवतही नव्हतो.

मोहनचे वडील, परबकाका, गिरणी बंद पडल्यापासून एका कारखान्यात वॉचमन होते. त्यांनी अट घातली होती: डिसेंबर संपायच्या आत घराबाहेरच्या कुणी आपणहून रेकॉर्ड वाजवली, तर बँड चालू दे. नाहीतर मामाने चंद्रपूरच्या सिमेंट फॅक्टरीत लावून दिलेली नोकरी धर. सोमवारचं तिकीटही काढलेलं होतं. आणि शनिवारी शेजारची कुंदा बोरिवलीहून येऊन म्हणाली, “तुमचं गाणं तिथे हळदीत वाजतंय रे! उद्याही त्याच गल्लीत हळद आहे.”

“थापा मारते ती,” मोहन म्हणाला. पण रविवारी सकाळी आठला तो माझ्या दारात हजर होता.

पवईवरून गेलो असतो तर जवळ पडलं असतं. पण मोहनला आधी घाटकोपरला एका दुकानात आमच्या रेकॉर्ड किती खपल्या ते बघायचं होतं. दुकानदाराने गठ्ठा जसाच्या तसा काढून दाखवला. “वर हिरोइनचा फोटो पायजे होता ना,” तो म्हणाला. “तुमचे चौघांचे फोटो बघून लोक घाबरतात.”

पुढे असल्फा, साकीनाका करत अंधेरी. (हल्ली हा टप्पा मेट्रोने चहा निवायच्या आत होतो. आम्ही वाटेत दोनदा स्कूटर आडवी केली.) अंधेरीला स्टेशनच्या पश्चिमेला एका खानावळीत बांगड्याचं तिखलं आणि भात खाल्ला. अशा ठिकाणी बारा-साडेबाराच्या आत जावं, नंतर नुसती आमटी उरते. मोहनने सोलकढी तीन वेळा मागितली. मग म्हणाला, “इथवर आलोय तर जुहूला जाऊन येऊ.”

“अरे, हळद आटपेल!”

“आटपू दे.”

जुहूच्या वाळूत उन्हातान्हात बसून त्याने कालाखट्टा गोळा चोखला. जीभ जांभळी झाली तेव्हा कुठे खरं बोलला. “सत्या, तिथे गेलो आणि काहीच वाजत नसलं तर? उद्या गाडीत बसताना निदान वाटेल ना, की कदाचित वाजत असेल.”

मला त्याचा रागही आला आणि वाईटही वाटलं. मी स्कूटर आडवी केली.

बोरिवलीला चार वाजले. कुंदाने सांगितलेल्या गल्लीत शिरलो आणि दुरूनच माझा ड्रम ऐकू आला. आपला ठोका कर्ण्यातून ऐकताना काय होतं ते सांगता येत नाही. मी ब्रेक दाबायलाच विसरलो. मांडवात हळदीने माखलेल्या बायका नाचत होत्या. नवऱ्याची खरीखुरी आत्या मधोमध होती आणि बाकीच्या तिच्याकडे बोट दाखवून ‘खंय गेली’ म्हणून ओरडत होत्या. आमची दुसरी बाजू!

लाउडस्पीकरवाले शंकरदादा खुर्ची टाकून बसले होते. मोहनने विचारलं, “ही रेकॉर्ड कुठून मिळाली?”

“मुलुंडकडचा एक म्हातारा घेऊन आला होता. दोन बस बदलून. पंच्यात गुंडाळलेली. म्हणाला, पोराची हा, एकदा लावा.”

मोहन हळूच म्हणाला, “पहिली बाजू नाही लावली?”

“लावणार कशी? त्यावर हळदीकुंकू! सुई सरळ घसरत जाते. पुसलं तरी खाचांतलं निघेना. मग उलटी केली.”

परबकाका घरात आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूची पूजा करत. स्टोव्ह, छत्री, माझ्या भावाची स्कूटरसुद्धा त्यातून सुटली नव्हती. आमच्या ‘फ्रीडम’लाही त्यांनी भक्तिभावाने बोटं टेकवली होती.

“म्हणजे बाबांनी सांगितलं म्हणून वाजली,” मोहनचा चेहरा पडला. “अट मोडली ना.”

“कसली अट? त्याने एकदाच सांगितलं,” शंकरदादा हसले. “त्यानंतर दर हळदीला बायका माझं डोकं खातात. चल, बाजूला हो, परत लावायला ओरडतायत.”

मोहन मांडवाच्या बांबूला धरून उभा राहिला आणि ढसाढसा रडला. हळदीच्या घरात रडू नये म्हणून एका आजीने त्याला दटावून त्याच्या गालाला हळद फासली.

परत पवईवरून आलो, झटपट. खोलीत परबकाका भाजी निवडत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, “खंय गेल्लंस सकाळधरना?”

“बोरिवलीला.”

काकांचा हात थांबला. “वाजता?”

“वाजते. लोक नाचतात, बाबा.”

“दोनी बाजू?”

मोहनने माझ्याकडे पाहिलं. मी दाराकडे पाहिलं.

“दोन्ही बाजू, बाबा.”

“मगे त्या चंद्रपूरवाल्यांका कागद धाड. येवूक जमाचा नाय म्हणान.” आणि ते पुन्हा भाजी निवडू लागले.

त्या एका गाण्यावर आम्ही पुढे कित्येक वर्षं दहिसरपासून भांडुपपर्यंत हळदी वाजवल्या. तोच रस्ता तुम्हाला करायचा असेल तर पवईवरून जा आणि जुहू वेगळ्या दिवशी बघा. ‘फ्रीडम’ मात्र आजतागायत कुणी मागितलेलं नाही. मी परवा ते ऐकलं. लोकांचं काही चुकलं नव्हतं. पण मोहनने वडिलांना खरं कधी सांगितलं नाही. काका गेले, तेव्हा आपल्या मुलाच्या दोन्ही बाजू गाजल्या, हेच त्यांना ठाऊक होतं.