ताट उलटं करून पाहणारे टकटक काका

गुप्तहेर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लांब कोट आणि काळा चष्मा आला असेल. पवनीच्या उन्हात लांब कोट घातलेला गुप्तहेर पहिल्याच चौकात चक्कर येऊन पडेल. आमचा गुप्तहेर बनियनवर बसून भांडी विकायचा. आणि कोणाच्याही घरी जेवायला बसला की भात वाढायच्या आधी ताट उलटं करून बुडाचं नाव वाचायचा. खून होईल म्हणून वाट पाहत बसू नका. एक गंज, म्हणजे मोठं पातेलं, हरवला, बस. पण त्या गंजापायी आमच्या घराचं व्हायचं ते झालं.

नाव टाकायला बाकी दुकानांत मशीन आली, काकांनी घेतली नाही. छिन्नी-हातोडीनं एकेक ठिपका ठोकून ते नाव टाकायचे. म्हणून टकटक काका. 'मशीन नाव लिवते, बाबू. हातोडी नाव बसवते.' मी जिभेनं त्यांची टकटक काढायचो, मधलं खाकरणं आणि चष्मा वर ढकलणं धरून. दुसरा असता तर छिन्नी फेकून मारली असती. काका गिऱ्हाइकाला थांबवून म्हणायचे, 'ए रेडिओ, लाव बरं मले!'

लग्नकार्यात भांडी इकडची तिकडे होतातच. ती शोधायची तर काकांनीच. एकदा मास्तरीणबाईंची परात गेली. काकांनी कोणाला काही विचारलं नाही, फक्त घराघरात पाणी मागत हिंडले. चौथ्या घरात पाण्याच्या गुंडावर तीच परात झाकलेली. 'तहान लागल्याबिगर चोर सापडत नाही,' असं मला म्हणाले. पण त्या घरच्या बाईला मात्र, 'चुकून आली असन न, वहिनी?' चोराला निसटायला एक दार उघडं ठेवायचं, ही त्यांची रीत. मला ती फार आवडायची.

एकदा त्यांनी, कोणीतरी नाव घासून काढलेला एक पितळी गडवा मला दाखवला. बुडाला राख चोळली, फडक्यानं पुसलं, उन्हात तिरपं धरलं. काळे ठिपके हळूहळू वर आले. 'घासल्यानं नाव मरत नाही रे. झोपते.'

आता तो गंज. मोहल्ल्याचा, पितळी, भाताचा, दोन माणसांनी उचलायचा. कोणाचंही लग्न असो की भीमजयंतीचं जेवण, भात त्यातच. माझी माय स्वयंपाकाची कामं घेते, म्हणून तो तिच्या ताब्यात. काकांच्या लेकीचं, वैशालीताईचं लग्नही मायनंच रांधलं. ताई वैनगंगेच्या वरच्या अंगाला, कारध्याला सासरी गेली आणि दुसऱ्या दिवशी गंज गायब.

काका तीन दिवस पाणी पीत हिंडले. चौथ्या दिवशी विहाराच्या ओट्यावर सगळ्यांपुढे सांगितलं, 'गंज नदीत गेला. वहिनीनं घाटावर घासायले नेला अन् ध्यान नाही राह्यलं.'

माय घाटावर गेलीच नव्हती. 'सांग न मग,' मी म्हटलं. 'चूप बस,' म्हणाली. काका चुकत नसतात हे सगळ्या पवनीला ठाऊक. त्या उन्हाळ्यात मायला एकाही लग्नाचं बोलावणं आलं नाही. बायका रस्त्यात हसून विचारायच्या, 'काय वहिनी, पोहता येते का तुमच्या गंजाले?' खरं सांगू? मलाही वाटलं, मायच विसरली असेल. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

हिवाळ्यात वैशालीताईचा फोन आला. 'कॉलेजले भंडाऱ्याले येतच असते न तू? पूल ओलांडून ये न घरी. बाबाची नक्कल करून दाखव, मले करमत नाही.' गेलो. अंगणात एक मोठा गंज पालथा घातलेला. मी काकांसारखा उकिडवा बसलो, खाकरलो, चुलीतली राख चोळली, पुसली, तिरपं होऊन डोळा लावला. ताई पोट धरून हसत होती. आता एखादं मजेदार नाव वाचून दाखवावं म्हणून तोंड उघडलं, तर बुडावर खरंच ठिपके वर आले. आमच्या मोहल्ल्याचं नाव. काकांच्या हातचं.

'काय लिवलं आहे रे?' ताईनं विचारलं. तिला काहीच माहीत नव्हतं. 'बाबानं देल्ला तो. एकदा येऊन चमकवून बी गेले.'

'काही नाही,' म्हटलं.

चार महिने ते पोटात ठेवलं. काकांच्या दुकानासमोरून जाताना ते हाक मारायचे, 'रेडिओ!' मी गाडी थांबवायचो नाही. परातवाल्या बाईला दार उघडं, आणि माझ्या मायला भिंत?

जयंतीच्या कार्यक्रमात दरवर्षी माझी नक्कल असते. काका पहिल्या रांगेत. मी ताट उलटं केलं, टकटक केली, राख चोळली, आणि त्यांच्याच आवाजात म्हणालो, 'अरे, हा तं आपलाच गंज! कारध्याले गेला पोहत! वैनगंगा कधीपासून उलटी वाहून राह्यली रे?'

लोक आधी हसले. मग एकेक थांबला. काका उठले, चष्मा वर ढकलला. 'आवाज बरोबर काढला,' एवढंच म्हणाले आणि निघून गेले. दोन दिवसांनी सकाळी गंज आमच्या अंगणात होता, बुडाला नाव नव्यानं ठोकलेलं. दुकानाला तेव्हापासून कुलूप आहे. काका गोसीखुर्दकडे भावाकडे राहतात म्हणे. त्यांची टकटक आता फक्त माझ्या जिभेवर, आणि तीही मी काढत नाही.

पण जयंतीच्या त्या संध्याकाळी मी छाती काढून घरी गेलो होतो. वाटलं, माय कुरवाळेल.

'मोठा आला शोध लावणारा! मले काय मालूम नव्हतं? व्याह्याच्या लोकायनं रुखवताचा समजून गंज गाडीत चढवला, तवा मी बाजूलेच उभी होती. तुह्या काकानं माह्याकडे पाह्यलं, म्या त्याच्याकडे. बापानं सासरच्या गाडीतून भांडं उतरवलं असतं तं पोरीले जनमभर ऐकाव लागलं असतं. म्हणून चूप राह्यली. मंग त्यानं घाटाचं नाव घेतलं, ते मले बी लागलं. लय लागलं. तरी गिळलं न? एका पोरीच्या संसारासाठी गिळलं! अन् तू माईक घेऊन सांगतं? जा आता कारध्याले. तिच्या सासूची नक्कल करून दाखव. वैशाली लय हासन.'