पालथं ताट

रविवारी दुपारी टीव्हीवर एक जुना विनोदी सिनेमा लागला होता. कॉलेजात असताना मी आणि माझी धाकटी बहीण सुधा, दोघींनी तो थिएटरात पाहिला होता. त्यात एक म्हातारा आहे. दारात पोस्टमन येवो की पत्ता चुकलेला माणूस, तो म्हणतो, "बसा की, चहा टाकतो." समोरचा घाईत असतो आणि म्हातारा त्याला सोडत नाही. तेव्हा आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो होतो.

या वेळी माझी नजर त्याच्यामागच्या ओट्यावर गेली. तिथे धुतलेलं एकच ताट पालथं घातलं होतं. ते तेव्हाही पडद्यावर असणारच, पण मला दिसलं नव्हतं. हे गेल्यापासून माझ्या ओट्यावरही एकच ताट असतं.

तेवढ्यात सुधाचा फोन आला. "बघतेस ना गं ताई? काय हसलो होतो आपण."

"हो. आत्ता नाही हसू आलं."

तिने तिकडे टीव्हीचा आवाज कमी केला. मग हळूच म्हणाली, "मलाही नाही."

दोघींनीही फोन ठेवला नाही. उरलेला सिनेमा आम्ही आपापल्या घरात, फोन कानाशी धरून, न बोलता पाहिला.