नाल्यातली एकशे वीस पावलं

तोफखान्यात मी हवामानाच्या तुकडीत होतो. तोफेचा गोळा कुठे पडेल हे वाऱ्यावर आणि हवेच्या दाबावरही ठरतं; ते मोजून तोफांना कळवायचं, हे आमचं काम. शिकलो देवळाली कॅम्पात, दिंडोरीतल्या माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. पोस्टिंग मिळालं काश्मीरच्या उत्तरेकडच्या एका डोंगरावर. उंची बारा हजार फूट. नऊ जण.

तिथे हिवाळ्यापेक्षा वसंत अवघड. हिवाळा निदान सरळ वागतो. एप्रिलमध्ये सकाळी आठला बनियनवर उभं राहता येतं, दहाला गारा, अकराला पुन्हा ऊन आणि दुपारी कमरेइतका बर्फ. दर तासाला मी बॅरोमीटर वाचायचो, वारा बघायचो, रेडिओवर बेसला कळवायचो. नियम एकच होता: खालच्या वाटेवरचा नाला सकाळी नऊच्या आत ओलांडायचा, नाहीतर चारनंतर. मधल्या वेळात ऊन वरचा बर्फ सैल करतं आणि तो खाली येतो.

पोस्टचे कमांडर हवालदार प्रकाश गांगुर्डे. नाशिकचेच, द्वारका चौकाजवळच्या कॉलनीतले. वडील शाळेत शिपाई होते. माणूस कमी बोलायचा. चौदा एप्रिलला त्यांनी बंकरमध्ये बाबासाहेबांचा फोटो लावला, दुधाच्या पावडरीत शिरा केला आणि सगळ्यांना स्वतः वाढला. शिरा करपला होता. आम्ही सगळा संपवला.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी सहाला गनर थापा पोट धरून खाली बसला. वय तेवीस, डोंगरातला पोरगा, कधी कण्हलेला आठवत नाही. साडेसातला त्याला सरळ होता येईना. रेडिओवर डॉक्टरसाहेबांनी लक्षणं विचारली.

"अपेंडिक्स लगता है. आज ऑपरेशन चाहिए. हेलिकॉप्टर नौ बजे."

आठ पन्नासला दरीतून ढग वर आला. हेलिकॉप्टरचा आवाज ऐकू आला, दिसलं काही नाही. नऊ वाजून पाच मिनिटांनी आवाज लांब गेला. सव्वानऊला त्याच जागी लख्ख ऊन. बेसने कळवलं, पलीकडची खिंड अजून बंद आहे, दुसरी फेरी सांगता येत नाही.

थापाला ताप चढत होता. चारपर्यंत थांबायचं की निघायचं?

गांगुर्डे माझ्याकडे आले. "जाधव, तुझं यंत्र काय म्हणतंय?"

"दाब उतरतोय, उस्ताद. अकराच्या सुमारास आभाळ भरेल. ऊन झाकलं की बर्फ थोडा आवळेल. साडेबारापर्यंत झाकलेलं राहील. मग नवा बर्फ पडायला लागेल."

"नक्की?"

"अंदाज आहे."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "सव्वादहाला निघायचं."

दोघे पोस्टवर राहिले. चौघांनी स्ट्रेचर उचललं. पुढे मी, रेडिओ आणि दोर घेऊन. मागे गांगुर्डे. प्रत्येकाच्या कमरेला लाल दोरी, मागे लोंबती. बर्फाखाली गेलो तर शोधायला. दहा पन्नासला आभाळ भरलं. मला हायसं वाटलं.

नाला एकशे वीस पावलं रुंद. अकरा वीसला मी ओलांडला आणि पलीकडच्या खडकाला दोर बांधला; त्याचं दुसरं टोक स्ट्रेचरला होतं. गांगुर्डे अलीकडच्या कड्यावर उभे राहिले, तोंडात शिटी, नजर वरच्या उतारावर. स्ट्रेचर निघालं. मध्यावर मागच्या एका जवानाचा पाय मांडीपर्यंत रुतला. निघेना. स्ट्रेचर कलंडलं.

तेवढ्यात ऊन पडलं. अकरा पस्तीस. माझ्या अंदाजाआधी जवळजवळ एक तास.

गांगुर्डे कड्यावरून उतरले. त्यांनी उतरायला नको होतं. ते तिथे सुरक्षित होते. धावत मध्यावर आले, हातांनी बर्फ उकरून त्या जवानाचा पाय मोकळा केला, स्ट्रेचरची मागची दांडी स्वतः उचलून दिली. "चलो, चलो, रुकना नहीं." स्ट्रेचर खडकापासून दहा पावलांवर असताना वर काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला. त्यांनी शिटी वाजवली. मी दोर ओढला. पाचही जण माझ्या अंगावर येऊन पडले.

मान वर केली तेव्हा बर्फ खाली येऊन गेला होता आणि नाला रिकामा होता.

चौघे जवान उस्तादांना शोधायला स्ट्रेचर टाकून वळले. मी बेसला कळवलं. उत्तर आलं, "पेशंट आगे जाएगा. एक आदमी ढूंढेगा. नीचे से पार्टी आ रही है." चौघे स्ट्रेचर घेऊन गेले. थापा स्ट्रेचरवरून ओरडत होता, मला खाली ठेवा.

मी बेलचा घेऊन उतरलो. लाल दोरीचं टोक मला बारा दहाला दिसलं. खणून चेहऱ्यापर्यंत पोचलो तेव्हा खालची पार्टीही आली होती. उशीर झाला होता. एकाने माझ्या हातातून बेलचा काढून घेतला. ऊन कायम होतं.

थापाचं ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. तो वाचला.

सुट्टीवर आलो तेव्हा पहिल्यांदा द्वारकेच्या कॉलनीत गेलो. उस्तादांच्या पत्नी सुशीलावहिनी अंगणवाडीत शिकवतात. मी सगळं वेळेसकट सांगितलं. शेवटी म्हणालो, "वहिनी, अंदाज माझा होता. तो चुकला."

त्या म्हणाल्या, "भाऊ, निघायचं कुणी ठरवलं?"

"त्यांनी."

"आणि कड्यावरून खाली?"

"तेही त्यांनीच."

"मग ते त्यांचंच राहू द्या. तुम्ही तुमच्याकडे घेऊ नका."

या एका वाक्यावर मी पुढची नोकरी केली, पेन्शनीत निघालो, मुलांची लग्नं केली. आता गावाकडून द्राक्षवाल्यांचे फोन येतात, "दादा, आभाळ आलंय, फवारा मारू का नाय?" जे दिसतं ते सांगतो आणि वर 'अंदाज आहे' म्हणायला विसरत नाही. झोप लागते. त्या बाईचे उपकार आहेत.

गेल्या एप्रिलमध्ये थापा बायको आणि मुलीला घेऊन नाशिकला आला. मी त्यांना वहिनींकडे नेलं. त्याने बूट दाराबाहेर काढले, शर्ट नीट खोचला आणि गांगुर्डेंच्या फोटोसमोर सावधान उभा राहिला.

"गनर थापा हाज़िर, उस्ताद," तो म्हणाला. मग बाजूला सरकून मुलीला पुढे केलं. "ये मेरी बेटी है."

वहिनींनी मुलीला जवळ घेतलं आणि फोटोतल्या माणसाचं नाव तिला सावकाश, तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ती स्वतः म्हणाली.