नानांनी पट्टीने ओढलेलं वादळ

तर हो, नाना चुकले होते. साफ चुकले होते.

आज सकाळी ते गेले. तेव्हापासून सगळे फोनवर "तुझे आजोबा किती हुशार होते" म्हणतायत. पण ते स्वतः सगळ्यात जास्त सांगायचे ती गोष्ट त्यांच्या चुकीची.

मी दिवसभर फोनवर सायक्लोन ट्रॅक करतो, तुम्हाला बोअर करतो. ते वेड त्यांचंच.

पन्नासच्या दशकात नाना खान्देशातल्या सावद्याला भूगोलाचे नवीन मास्तर. रेडिओ एका केळीच्या व्यापाऱ्याकडे. मे एंडला अरबी समुद्रात वादळ उठलं. रेडिओवर अक्षांश-रेखांश सांगायचे, नाना नकाशावर टिंब द्यायचे.

तीन दिवस, तीन टिंबं.

मग त्यांनी पट्टी ठेवली आणि लाईन सरळ पुढे ओढली.

थेट सावद्यावर.

आबांची, म्हणजे त्यांच्या वडिलांची, केळीची बाग होती. घड भरत आलेले. पानांत वारा भरला की झाड घडासकट आडवं. पानं छाटली तर झाड वाचतं, पण घड पोसत नाही.

"नक्की येईन?" आबांनी विचारलं.

"नक्की."

दोन दिवसांत पानं छाटून बठ्ठी, सगळीच्या सगळी, बाग बोडकी.

वादळ सौराष्ट्राकडे वळलं. आमच्या बांधावरची शेवरीची झाडंसुद्धा हलली नाहीत.

रेडिओपाशी शेजारचे भाऊ म्हणाले, "मास्तर, तुमचं वादळ पाचोरा जंक्शनले गाडी बदलत असन."

त्या वर्षी केळी बोटाएवढीच राहिली.  नाना म्हणायचे, आबांनी शिव्या दिल्या असत्या तर निदान दोन घास घशाखाली गेले असते.

पुढच्या वर्षी पुन्हा वादळ. नानांनी टिंबं दिली, पण पट्टी घेतली नाही. हाताने पंखा काढला, कच्छपासून खान्देशापर्यंत पसरलेला.

(आज माझ्या अॅपवर सेम तसाच पंखा दिसतो. दाखवला तेव्हा नाना नुसते हसले.)

रेडिओपाशी सगळे हसायच्या तयारीत. आबा पुढे आले.

"मास्तर, कुठी जाईन?"

मुलाला मास्तर म्हणायची त्यांची पहिलीच वेळ.

"माहीत नाही आबा. या पंख्यात कुठेही."

"आपली बाग पंख्यात हाये का?"

"काठावर हाये."

आबा घरी गेले आणि अर्ध्याच बागेची पानं छाटली.

वारा आला का, हे नानांनी कधीच सांगितलं नाही. गोष्ट इथेच थांबायची.

नाना, सावकाश जा. खूप आठवण येईल.

आणि तुम्ही सांगा, आबांच्या जागी तुम्ही असता, तर त्याच मास्तराला पुन्हा विचारलं असतं का?